दार-खिडक्या बंद आढळल्या

घरफोडी झाली की लोक आधी आमच्यावर रागावतात, मग कुलपावर, मग शेजाऱ्यांवर, आणि चोराचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. चोरावर रागवायचं तर तो समोर दिसायला हवा. आम्ही आयते समोर असतो. मला याची इतकी सवय झाली आहे की कुणी नीट बोललं, पाणी हवं का म्हणून विचारलं, तर मलाच वाटतं, याने काहीतरी लपवलंय.

आमचं घरफोडी पथक म्हणजे मी, मामा आणि एक जीप. ती उतारावर उभी केली तरच सुरू होते. कागदावर आणखी माणसं आहेत, पण ती कायम कुठल्या ना कुठल्या बंदोबस्ताला गेलेली. मामा म्हणजे आमचे हवालदार. वर्दीतल्या कुणालाही लोक मामा म्हणतात, पण यांना यांची बायकोसुद्धा मामा म्हणते, आणि त्यावर वाद घालणं त्यांनी आता सोडून दिलंय.

काम ठरलेलं. फुटलेलं दार बघायचं. कपाटातले कपडे जमिनीवर आलेले असतात, त्यांत पाय न अडकवता उभं राहायचं. ठसे घेणारा येतो, सगळीकडे काळी पूड उडवून जातो, आणि घरातली बाई चोरापेक्षा त्या पुडीवर जास्त वैतागते. मग सोनारांच्या दुकानांतून चक्कर, मग जुन्या चोरांच्या घरी चक्कर. जुने चोर आता खरोखरच जुने झालेत. दार उघडतात आणि म्हणतात, "या मॅडम, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बसूनच बोलतो." कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते. शहरातल्या सगळ्या चोरांनी एकाच दुकानातून टोप्या घेतल्या असाव्यात.

साहेबांच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे आणि प्रत्येक चोरीला एक लाल टाचणी. साहेब वाईट माणूस नाही. त्यांना फक्त डोळ्यांना दिसेल असं काम आवडतं. त्यांनी 'निर्धास्त जा' योजना काढली ती चांगलीच होती, हे मी आजही म्हणेन. बाहेरगावी जाणार असाल तर ठाण्यात फोन करा, पत्ता द्या. गस्तीवरचा शिपाई रोज येऊन घर बघून जाईल आणि जाताना एक निळं कार्ड दाराखालून आत सरकवेल. 'आपल्या घराची पोलिसांनी पाहणी केली. दार-खिडक्या बंद आढळल्या. निर्धास्त राहा.' माणूस परत आला की उंबऱ्याच्या आत त्याला ही कार्डं मिळायची आणि त्याला बरं वाटायचं. आमच्या खात्यामुळे कुणाला बरं वाटणं ही काही रोजची गोष्ट नाही.

मग वरून फोटो मागवले. आत सरकवलेलं कार्ड फोटोत कसं दिसणार? साहेबांनी हुकूम काढला की कार्ड बाहेर कडीला अडकवायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा. कार्डांना भोक पडलं, भोकात दोरा आला. हुकूम वाचून दाखवला तेव्हा आम्ही सगळे रांगेत उभे होतो. चोऱ्या पकडण्यात जन्म गेलेली माणसं, पण एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आम्हाला दोऱ्याचीच गंमत वाटत होती.

या योजनेचे फोन घ्यायला एक शिपाई पोरगी बसवली होती. तिला सगळे फोनताई म्हणायचे. आवाज असा की समोरचा रडत असला तरी पत्ता नीट सांगायचा. चोरीचे फोनही तिच्याकडेच यायचे, आणि तिचे प्रश्न कायम त्याच क्रमाने. पत्ता काय. कधी लक्षात आलं. घरात कोणी होतं का. काय काय गेलं. तो तिसरा प्रश्न ती जरा हळू विचारायची. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिथे लोकांना लाज वाटते. घर सोडून गेलो, ही आपलीच चूक असं वाटतं त्यांना."

पावसाळा संपता संपता दुपारच्या घरफोड्या सुरू झाल्या. नदीपलीकडच्या वसाहतीत एक, तिच्या मागच्या गल्लीत एक, मग बाजाराच्या बाजूला. माणसं कामावर, म्हातारे झोपलेले, रस्त्यावर कुत्रंही नाही अशी वेळ. आणि फुटलेलं प्रत्येक घर 'निर्धास्त जा'च्या यादीतलं. त्या यादीतले लोक निर्धास्त गेले होते, आणि चोर त्यांच्याहून निर्धास्त.

साहेबांनी दोन आणि दोन चार केले. यादी कुणाकडे? फोनताईकडे. फोनताईचा भाऊ कोण? तर चोरीच्या गुन्ह्यात आत जाऊन आलेला. तो सुटल्यापासून एका गॅरेजात गाड्यांखाली झोपून काम करत होता, पण कागदावर गॅरेज दिसत नाही, गुन्हा दिसतो. साहेबांनी तिच्या फोनला रेकॉर्डिंगचं यंत्र जोडून घेतलं. तिचा प्रत्येक शब्द थेट मुख्यालयात साठणार, म्हणजे ठाण्यात कुणाला तो पुसता येणार नाही. यंत्रावर छोटा लाल दिवा होता. तो लागला की ती अवघडून बसायची.

"शनिवारी तिची फाइल वर जाणार," साहेब मला म्हणाले. "निलंबन, आणि मग गुन्हा. तोवर तिला टेबलावर बसू दे. काहीतरी बोलेलच."

ती काहीच बोलली नाही. बोलणार काय? जिन्यात मला गाठून एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तपास करताय ना? मग नीट करा. माझ्या बाजूने नको, नुसता नीट करा."

मला तिचा राग आला. नीट करायला अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि माझ्या अंगात त्या दिवसांत एका जिन्यापुरतीही ताकद नव्हती. पण तिचं वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

सोमवारी एका दंतवैद्य बाईंचं घर फुटलं. बाकीच्या घरांत आधी गस्तीचा शिपाई पोचायचा, फुटलेलं दार बघायचा, आम्हाला कळवायचा. इथे बाई ठरल्यापेक्षा लवकर परतल्या आणि शिपायाच्या आधी त्याच दारात पोचल्या. आम्ही गेलो तेव्हा पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, हातात निळं कार्ड.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"बाई, आधी आत—"

"नाही. आधी हे वाचा. मोठ्याने वाचा. मला ऐकायचंय."

मी वाचलं. दार-खिडक्या बंद आढळल्या. दार मागे बिजागरीवर लोंबत होतं. मामांनी दुसरीकडे बघितलं. माझ्या तोंडात कुणी मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"हे कुठे होतं?"

"कुठे म्हणजे? कडीला. सगळ्या रस्त्याला दिसेल असं. तुम्हीच टांगलंय ना? तुम्ही माझ्या दारावर पाटी लावून गेलात की आत कोणी नाही." बाईंचा आवाज चढला नाही. रोज लोकांच्या उघड्या तोंडात बघणारी बाई, तिला आवाज चढवायची गरज नसावी.

परतताना मी गस्तीच्या शिपायाला जीपमध्ये घेतलं. इतक्या घरफोड्यांत मला एकाही दारावर कार्ड कसं दिसलं नाही, एवढंच विचारलं. तो बाहेर बघत राहिला. मामांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. म्हणजे आता ती सुरू व्हायला धक्का लागणार हे त्यालाही माहीत होतं.

"काढून घेतो आम्ही," तो म्हणाला. "फुटलेल्या दारावर ते कार्ड, मॅडम... बरं दिसत नाही. साहेबांनाच वाईट वाटेल. म्हणून तुम्ही यायच्या आधी काढतो."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. कुणी सांगितलं नाही. आपोआपच."

"हे लिहून देशील?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली मान घातली. घरात लहान मूल, नोकरी नवी. तो लिहून देणार नव्हता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकण्याच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. मग म्हणाले, "कार्ड बघून चोर घाबरतो. पोलीस रोज येतात हे कळतं त्याला."

"पोलीस येऊन गेले हे कळतं, साहेब. म्हणजे आता उद्यापर्यंत येणार नाहीत."

"पण प्रत्येक घर यादीतलंही आहेच ना? कार्ड म्हणा की यादी म्हणा, दोन्ही सारखंच बसतं. मग मी काय म्हणू वर? की आमच्या योजनेनेच चोरांना पत्ते दिले?" ते नकाशाकडे वळले. "पुरावा आणा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर फाइल जाईल."

खरं म्हणजे त्यांचं चूक नव्हतं. यादी आणि कार्ड एकाच दारावर असतील तर कुणामुळे दार फुटलं हे कसं ठरवणार? असं एक दार हवं की ज्यावर कार्ड आहे, पण जे यादीत नाही. जिथून फोनताईला कधी फोन गेलाच नाही. ते दार फुटलं तर ती सुटली.

लोकांच्या दारावर असा खेळ करता येत नाही. मग राहिलं कुणाचं दार? माझं. चोर ज्या भागात फिरत होता, त्याच भागात आम्ही राहतो. तळमजला, मागे झाडी, समोर बंद पडलेली गिरणी. चोराने जाहिरात देऊन मागवावं असं घर.

मी मामांना सांगितलं, आणि ठाण्यात दुसऱ्या कुणाला नाही. मामांनी कार्ड आणून दिलं. म्हणाले, "मॅडम, सुट्टी टाका आजारपणाची. तशाही आजारीच दिसता."

घरी नवऱ्याला सांगणं सोपं गेलं. तो लांब पल्ल्याची बस चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस घरात नसतोच. सासूबाईंना हलवणं अवघड. त्यांना चार दिवस माझ्या नणंदेकडे पाठवायचं होतं, आणि आपल्याच लेकीकडे जायला त्यांचा नकार.

"ती मला औषधाच्या गोळ्या मोजून देते," सासूबाई म्हणाल्या. "मी काय चोर आहे?"

"आई, चोरच पकडायचाय. तुम्ही घरात असाल तर तो येणार नाही."

"मी घरात असले तर कोणीच येत नाही," त्या म्हणाल्या, पण पिशवी भरायला लागल्या. मग कपाटातला पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात त्यांच्या आईच्या कानातली फुलं होती, सासऱ्यांचा चष्मा होता, आणि माझ्या नवऱ्याचा पहिला पडलेला दात कापसात गुंडाळून. "हा नेत नाही मी. ती फुलं बघितली की लेक मागते. मी मेल्यावर घे म्हटलं तर रुसते. इथेच राहू दे."

"आई, चोर येणार आहे इथे."

"तू आत बसणार ना? मग काय झालं? पोलीस घरात बसलाय आणि मी डबा बरोबर नेऊ?" त्यांनी तो परत कपाटात ठेवला आणि वर साडी टाकली. या बाईने माझ्या नोकरीला कधी चांगलं म्हटलं नाही. तिने त्या दिवशी जे केलं, त्याचं मला फार बरं वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी मामांनी मला आत घालून बाहेरून कुलूप लावलं, कडीला कार्ड अडकवलं, आणि समोरच्या गिरणीच्या पहिल्या मजल्यावर जाऊन बसले. ठरलेलं असं होतं: चोर कुलूप तोडून आत येणार, मी आत, मामा मागून. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. दार उघडं ठेवलं, म्हणजे पुढच्या खोलीपलीकडचं मुख्य दार समोर दिसत राहील.

दिवसाढवळ्या मी माझ्या घरात किती वर्षांनी बसले होते कोण जाणे. सुट्टीच्या दिवशीही मी घरात असते ती झोपलेली. दुपारी ऊन खिडकीतून येऊन कपाटाच्या आरशावर पडतं आणि छतावर एक थरथरता चौकोन काढतं, हे मला ठाऊक नव्हतं. ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं माझं ताट होतं. नवरा जाताना ठेवून गेला होता. तो रोजच ठेवतो, मी रात्री कधीतरी गार जेवते आणि ताट धुऊन टाकते. भिंतीवर, सासूबाईंच्या खाटेच्या उशाशी, पेन्सिलीने खुणा होत्या. जवळ जाऊन बघितलं. कुठल्या तारखेला मी जेवायला घरी होते, त्याच्या त्या खुणा. फार नव्हत्या. दुसऱ्यांच्या घरात बारीकसारीक सगळं बघून ठेवते मी, ते माझं कामच आहे. माझ्याच घरात मी तपासाला आल्यासारखी बसले होते आणि मला काहीच माहीत नव्हतं.

गुरुवारी कोणी आलं नाही. जाहिरातीचे कागद वाटणारा एक माणूस दाराशी थांबला, फटीतून कागद टाकला आणि गेला. त्याची पावलं दारात जरा रेंगाळली असं मला वाटलं. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत.

संध्याकाळी मामांनी कुलूप काढलं आणि आम्ही दोघं ठाण्यात गेलो, कारण दुसऱ्या भागात एक दुकान फुटलं होतं आणि पथकात दुसरं कोणी नव्हतं. आजारी माणूस कामावर कसा, हे कुणी विचारलं नाही. तिथून सुटका झाली तेव्हा दूधवाले निघाले होते. मामा म्हणाले, "आज राहू द्या." मी म्हटलं, आज शुक्रवार. त्यांनी मला आत घातलं आणि कुलूप लावलं.

दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, साहेबांनी नाव घेऊन बोलावलंय. कुणी मोठे पाहुणे येताहेत, रस्त्यावर माणूस कमी पडतोय. नाही म्हणायचं कसं? जाऊन तोंड दाखवतो, लगेच येतो."

"या," मी म्हटलं. कुलूप बाहेरून, किल्ली त्यांच्या खिशात. मी जाणार तरी कुठे होते?

मी भिंतीला टेकून बसले होते. मग पाठ दुखायला लागली म्हणून जरा आडवी झाले, डोळे दारावरच ठेवून. फरशी गार होती. छतावरचा उन्हाचा चौकोन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकत आला होता, त्याच्याकडे बघत होते. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन गेलं होतं. आधी वाटलं, सकाळ झाली आणि कामावर जायचंय. मग समोर बघितलं तर दार. मुख्य दार नव्हे, स्वयंपाकघराचं. मी उघडं ठेवलेलं दार कुणीतरी लोटून घेतलं होतं. हळूच, कडी न लावता. झोपलेल्या माणसाला आवाजाने जाग येऊ नये म्हणून आपण घरात लोटतो तसं.

पुढच्या खोलीत काही विस्कटलेलं नव्हतं. फुटलेलं कुलूप दाराच्या आत, बाजूला नीट ठेवलेलं. कपाट उघडं, साडी घडी तशीच, डबा नाही. दाराशी माझे बूट होते, नवे होते, तेही नाहीत. बाहेर कडीला कार्ड तसंच लटकत होतं. दार-खिडक्या बंद आढळल्या.

मी उंबऱ्यावर बसले. रडू आलं नाही, त्यालाही जोर लागतो. एकच डोक्यात येत राहिलं, की त्याने मला बघितलं. तिथे उभं राहून बघितलं, आणि त्याला माझी भीती नाही वाटली. वर्षानुवर्षं ज्याच्या मागे धावतेय तो माझ्या उशाशी आला आणि त्याने ठरवलं, झोपू दे बिचारीला.

मामा धावत आले. त्यांनी दार बघितलं, माझे अनवाणी पाय बघितले आणि समजले. मग शेजारी बसले.

"मॅडम, एक बोलू? आपलं काम झालं. कार्ड होतं, यादीत नाव नव्हतं, दार फुटलं. ताई सुटली. आता एवढंच म्हणा की घरात कोणी नव्हतं. तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात. मीही तेच सांगतो."

किती गोड वाटलं ते. खोटं असं आयतं पुढे केलं की थकलेल्या माणसाला ते अंथरुणासारखं दिसतं.

"मग साहेब काय म्हणतील?" मी विचारलं.

"काय म्हणतील?"

"म्हणतील, शहरात घरं फुटतातच, तुमचंही फुटलं. योगायोग. ते कार्ड कुणी लावलं? का लावलं? कधी लावलं? हे सगळं सांगायचं तर मी सापळा लावला होता हे सांगायला हवं. सापळा होता, तर सापळ्यात कोण बसलं होतं? आणि मागच्या घरातली आजी गुरुवारपासून मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. कपडे वाळत घालताना हात केला तिने. तिला कुणी विचारलं की माझं एक खोटं निघालं, आणि मग कार्डाचंही खोटंच ठरणार. पोरीचं काय होईल?"

"तुमचं काय होईल ते बघा आधी," मामा म्हणाले. "तपास अधिकारी आपल्याच घरात झोपली आणि चोर डबा घेऊन गेला. मॅडम, तुम्ही निवृत्त झालात तरी लोक हसायचे थांबणार नाहीत. आणि साहेब सोडणार नाहीत."

"माहीत आहे."

"लेखी देऊ उद्या सकाळी. शांतपणे."

"लेखी साहेबांच्या टेबलावरून जाईल, आणि कुठे जाईल ते मला सांगू नका. उद्या सकाळी पोरगी फोनच्या टेबलावर नसेल."

मी मोबाइल काढला. तो माझ्या हाताखालीच होता, म्हणून राहिला होता. अधिकाऱ्यांचे नंबर सोडले आणि लोक जो नंबर लावतात तो लावला.

"ठाणे, बोला." फोनताईचा आवाज. शेवटचा दिवस, पण आवाज तोच.

"घरफोडी झाली आहे."

"घाबरू नका. पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला. पलीकडे लिहिणारा हात थांबल्यासारखा वाटला. "मॅडम? तुम्ही?"

"विचार, ताई. नेहमीसारखं विचार."

"कधी लक्षात आलं?"

"आत्ता."

मग ती थांबली. तो प्रश्न ती हळूच विचारते, आणि मलाही तिने हळूच विचारला. "घरात कोणी होतं का?"

मामा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणा.

"होतं," मी म्हणाले. "मी होते. आत बसून पाळत ठेवत होते. मला झोप लागली. चोर आत येऊन, कपाट उघडून, डबा घेऊन गेला. स्वयंपाकघराचं दार मी उघडं ठेवलं होतं, ते तो लोटून गेला. म्हणजे त्याने मला बघितलं."

मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, लाल दिवा लागलाय. हे सगळं रेकॉर्ड होतंय."

"म्हणूनच सांगतेय. लिहून घे. दाराला आपलं निळं कार्ड होतं. ते मी लावून घेतलं, परीक्षा बघायला. मला आणि हवालदारांना सोडून ठाण्यात कुणालाही माहीत नव्हतं. आता तुझी यादी काढ. हे घर आहे का त्यात?"

पानं उलटण्याचा आवाज आला. तिला यादी पाठ असते, तरी तिने पानं उलटली. शेवटच्या पानाशी ती समजली असावी, कारण तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

"नाही."

"मोठ्याने सांग. पूर्ण सांग."

"हे घर माझ्या यादीत नाही," फोनताई म्हणाली. "या घरातून मला कधीही फोन आलेला नाही."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. समोर गिरणीच्या भिंतीवर संध्याकाळ उतरत होती. उद्या सासूबाई येतील, साहेबांची नोटीस येईल, आणि यांतलं आधी कुठलं नको, ते मला ठरवता येईना.

"आता पुढचं विचार," मी म्हटलं.

तिने नाक ओढलं, घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय काय गेलं?"

"सासूबाईंचा डबा," मी म्हणाले, "आणि माझे बूट."